भूमध्य सागरतीरावरील नगरांच्या अरुंद गल्ल्या : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरील कोणत्याही जुन्या नगरात प्रवेश करणाऱ्यास प्रथम जाणवते ती तेथील गल्ल्यांची अरुंदता. दोन्ही हात पसरले असता समोरासमोरच्या भिंतींना स्पर्श व्हावा असे बोळ, पायऱ्यापायऱ्यांनी टेकडीवर चढत जाणाऱ्या वाटा, डोक्यावरून एका घरातून दुसऱ्या घरात गेलेल्या कमानी आणि अचानक एखाद्या भिंतीपाशी संपणारा रस्ता, असे हे दृश्य असते. आज जगभरातील प्रवासी या गल्ल्यांतून केवळ फिरण्याच्या आनंदासाठी हिंडतात. प्रवासवर्णनांतून या गल्ल्यांचे वर्णन 'चक्रव्यूह' किंवा 'भूलभुलैया' अशा शब्दांत केले जाते. या शब्दांमागे एक गृहीतक दडलेले असते. ते असे की, या गल्ल्या कोणत्याही योजनेशिवाय, आपोआप वाढत गेल्या.

हे गृहीतक निरुपद्रवी नाही. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत याच गृहीतकाच्या आधारे अनेक जुन्या वस्त्या पाडण्यात आल्या. जे अनियोजित आहे ते अस्वच्छ आहे, जे अस्वच्छ आहे ते धोकादायक आहे, आणि जे धोकादायक आहे ते नष्ट करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, अशी ही विचारसाखळी होती. म्हणून या गल्ल्या कोणी, कशासाठी आणि कोणत्या नियमांनी घडविल्या हा प्रश्न केवळ वास्तुशास्त्राचा न राहता इतिहासाचाही ठरतो. प्रस्तुत निबंधात ट्यूनिस, जेनोआ आणि दुब्रोव्निक या तीन नगरांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भूमध्य सागरी नगरांतील अरुंद गल्ल्यांच्या निर्मितीमागील सामाजिक व कायदेशीर कारणांचा शोध घेणे.
२) आधुनिक काळात या गल्ल्यांवर झालेल्या आघातांची कारणमीमांसा करणे.
३) वारसा म्हणून झालेले जतन आणि तेथील लोकवस्ती यांचा परस्परसंबंध तपासणे.

अभ्यासाची व्याप्ती

भूमध्य सागराला वीसहून अधिक देशांचा किनारा लाभला आहे. त्या सर्वांचा विचार येथे शक्य नाही. निवडलेल्या तीन नगरांपैकी ट्यूनिस उत्तर आफ्रिकेतील इस्लामी परंपरेचे, जेनोआ इटलीतील व्यापारी घराण्यांचे, तर दुब्रोव्निक एड्रियाटिक किनाऱ्यावरील स्वतंत्र प्रजासत्ताकाचे नगर आहे. तिन्ही नगरे समुद्रव्यापारावर वाढली, तिन्ही तटबंदीने वेढलेली होती आणि तिन्हींच्या जुन्या भागांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आहे. ट्यूनिस व दुब्रोव्निक यांची नोंद १९७९ मध्ये झाली. जेनोआच्या बाबतीत मात्र २००६ मध्ये 'नवे रस्ते' आणि त्यांवरील प्रासाद यांची नोंद झाली. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

१. रुंद रस्त्याकडून अरुंद गल्लीकडे

प्राचीन भूमध्य सागरी नगरे सर्वस्वी अरुंद गल्ल्यांची नव्हती. ग्रीक व रोमन वसाहती अनेकदा काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांवर वसविल्या जात. नेपल्सच्या जुन्या भागात ग्रीक काळातील समांतर रस्त्यांची आखणी आजही ओळखू येते. ट्यूनिसजवळचे कार्थेज रोमन काळात अशाच चौकटीत वसले होते. मग पुढील काळात सरळ, रुंद रस्ते का आक्रसले?

याचे एक उत्तर वाहतुकीच्या साधनांत आहे. इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेत चाकाच्या गाडीची जागा ओझेवाहू उंटाने घेतली. उंटाला फरसबंद, सरळ आणि रुंद रस्त्याची गरज नसते. गाडी नाहीशी झाली तेव्हा रस्त्याची रुंदी राखण्याचे कारणही नाहीसे झाले आणि ती जागा हळूहळू दुकाने व घरे यांनी व्यापली. या बदलाकडे ऱ्हास म्हणून न पाहता स्वस्त व सोयीच्या साधनाचा स्वीकार म्हणून पाहावे, हा बुलिएट यांच्या विवेचनाचा महत्त्वाचा भाग होय.

दुसरे कारण संरक्षणाचे. समुद्रावरून येणारे चाचे व शत्रूची गलबते यांच्या भयाने नगरे तटबंदीच्या आत राहिली. तट वाढविणे अतिशय खर्चाचे असल्याने लोकसंख्या वाढली तरी जागा वाढत नसे. परिणामी घरे उंच झाली आणि त्यांमधील अंतर कमी झाले. तिसरे कारण हवामानाचे. उंच भिंतींमधील अरुंद वाट उन्हाळ्यात दिवसाचा बराच काळ सावलीत राहते. परंतु ही तीन कारणे गल्ली अरुंद का झाली एवढेच सांगतात. ती अरुंद असूनही शतकानुशतके चालू कशी राहिली, कोणी ती अडवून बंद का केली नाही, हे सांगत नाहीत. त्यासाठी नियमांकडे वळावे लागते.

२. ट्यूनिस : शेजाऱ्याच्या हक्कातून घडलेली गल्ली

इसवी सन ६९८ मध्ये अरबांनी कार्थेज जिंकल्यानंतर जवळच्या ट्यूनिसचे महत्त्व वाढले. झैतुना मशिदीभोवती येथील मदिना, म्हणजे जुने नगर, विकसित झाले. या नगराच्या रचनेचा अभ्यास बसीम हकीम यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला आहे. वरवर गोंधळाच्या वाटणाऱ्या या रचनेमागे मालिकी न्यायपरंपरेतील नियम कसे कार्यरत होते हे त्यांनी दाखवून दिले.

या नियमांचा एक महत्त्वाचा संग्रह चौदाव्या शतकात ट्यूनिसमध्येच इब्न अल-रामी या गवंड्याने सिद्ध केला. तो न्यायाधीशाला बांधकामाच्या तंट्यांत तज्ज्ञ म्हणून साहाय्य करीत असे. भिंत कोणाची, पन्हळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, खिडकी किती उंचीवर असावी, भट्टीच्या धुराचा शेजाऱ्यास त्रास झाल्यास काय करावे, अशा रोजच्या तंट्यांचे निर्णय त्यात आले आहेत. या सर्वांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. कोणी दुसऱ्यास अपाय करू नये आणि अपायाची फेड अपायाने करू नये.

या सूत्रातून गल्लीचे रूप ठरत गेले. सार्वजनिक रस्त्याच्या रुंदीविषयी मतभेद झाल्यास ती सात हात, म्हणजे सुमारे साडेतीन मीटर, धरावी असे परंपरेचे वचन होते. समोरासमोरून येणारे दोन लादलेले उंट एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील एवढे हे माप आहे. गल्लीवरून खोली बांधण्यास मुभा होती, परंतु तिच्या खालून स्वार जाऊ शकेल इतकी उंची राखणे आवश्यक होते. अरुंद गल्लीत एकाचे दार दुसऱ्याच्या दारासमोर उघडू नये, कारण त्यामुळे घरातील एकांत भंग पावतो. पुढे बंद होणारी गल्ली तीवर दारे असणाऱ्या सर्व कुटुंबांच्या सामायिक मालकीची मानली जाई. तेथे नवे दार उघडायचे तर इतरांची संमती लागे. पाहुण्याला जी वाट चुकल्यासारखी वाटते ती वस्तुतः शेजाऱ्यांच्या मालकीची सीमा असते.

बाजाराच्या गल्ल्यांनाही क्रम होता. तेथील 'सूक' म्हणजे एकेका व्यवसायाची आळी. झैतुना मशिदीच्या लगत तेराव्या शतकात हफ्सी राजवटीत अत्तरवाल्यांची आळी वसली. रंगारी व कातडी कमावणारे यांच्यासारखे पाणी व दुर्गंधीशी संबंधित व्यवसाय मात्र मशिदीपासून दूर राहिले. त्यामुळे मशिदीकडून तटाकडे चालत जाणाऱ्यास आजही केवळ गंध आणि आवाज यांवरून जुन्या नगराचा क्रम काही अंशी उमगतो.

३. जेनोआ : कुळांची गल्ली

जेनोआच्या जुन्या बंदराला लागून असलेल्या बोळांना स्थानिक बोलीत 'कारुज्जी' म्हणतात. पाठीशी डोंगर आणि पुढे समुद्र अशा चिंचोळ्या जागेत हे नगर वाढल्याने येथील घरे मध्ययुगातच अनेक मजल्यांची झाली. बंदरासमोर बाराव्या शतकात 'सोत्तोरिपा' ही कमानदार वाट बांधण्यात आली. मालाची चढउतार, सराफी व किरकोळ विक्री या वाटेच्या आश्रयाने चालत असे.

ट्यूनिसमध्ये गल्ली शेजाऱ्यांच्या हक्कांतून घडली, तर जेनोआत ती कुळांच्या सामर्थ्यातून घडली. येथील मोठी घराणी 'अल्बेर्गो' नावाच्या संघांत एकत्र येत आणि नगराचा एकेक भाग आपल्या ताब्यात ठेवीत. मध्यभागी लहानसा चौक, त्यात कुळाचे चर्च, भोवती आप्तांची घरे आणि चौकाकडे येणाऱ्या मोजक्याच अरुंद वाटा, अशी ही रचना असे. दोरिया घराण्याचा सान मात्तेओ चौक हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील चर्चची स्थापना ११२५ मध्ये झाली, आणि काळ्यापांढऱ्या दगडी पट्ट्यांच्या भिंतींवर घराण्यातील पुरुषांचे पराक्रम कोरलेले आहेत. परस्परांशी वैर असलेल्या कुळांना अरुंद गल्ली सोयीची होती, कारण ती सहज अडविता येत असे. १५२८ मध्ये आंद्रेआ दोरिया याच्या काळात प्रजासत्ताकाची पुनर्रचना झाली आणि अल्बेर्गोंची संख्या २८ निश्चित करून त्यांना राज्यव्यवस्थेचा अधिकृत घटक बनविण्यात आले. १५७६ मध्ये ही पद्धत रद्द झाली.

सोळाव्या शतकाच्या मध्यास मात्र एक निर्णायक बदल घडला. १५५० नंतर नगराच्या वरच्या अंगास 'स्त्रादा नुओवा', म्हणजे नवा रस्ता, सरळ आणि रुंद आखण्यात आला. श्रीमंत घराण्यांनी तेथे प्रासाद बांधले. चित्रकार रुबेन्स याने १६२२ मध्ये या प्रासादांचे आराखडे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि त्यांची कीर्ती युरोपभर पोहोचली. धनिकांचे लक्ष नव्या रस्त्याकडे वळले आणि बंदरालगतचे अनेक बोळ कालांतराने खलाशी, हमाल व कारागीर यांच्या वस्तीचे झाले. २००६ च्या जागतिक वारसा नोंदीत मान मिळाला तो प्रामुख्याने या नव्या रस्त्यांना व प्रासादांना. गल्लीपेक्षा रुंद रस्ता श्रेष्ठ, या सोळाव्या शतकातील निवाड्याचा प्रतिध्वनी त्या नोंदीत ऐकू येतो असे म्हणता येईल.

४. दुब्रोव्निक : प्रजासत्ताकाच्या कायद्याची गल्ली

दुब्रोव्निक, पूर्वीचे राग्यूसा, हे या तिघांत सर्वांत लहान नगर. येथे गल्लीचे मूळ थेट लिखित कायद्यात सापडते. १२७२ मध्ये नगराची नियमसंहिता तयार झाली. तिच्या पाचव्या भागात घरे, भिंती, रस्ते आणि पाण्याचा निचरा यांविषयी तरतुदी आहेत. १२९६ मध्ये मोठी आग लागून नगराचा बराच भाग भस्मसात झाला. त्यानंतर उत्तरेकडील भागाची नव्याने आखणी झाली. मुख्य रस्त्यापासून डोंगराच्या दिशेने पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या समांतर गल्ल्या या आखणीचे फळ आहेत. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या घरांच्या ओळींमध्ये सांडपाण्यासाठी चिंचोळी जागा राखलेली होती. येथील गल्ल्या अरुंद आहेत, पण त्यांची अरुंदी मोजून ठरविलेली आहे. 'अरुंद म्हणजे अनियोजित' या समजुतीचे याहून स्पष्ट खंडन क्वचितच मिळेल.

याच नगराने १३७७ मध्ये रोगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. विलग्नवासाच्या इतिहासातील हा आरंभीचा टप्पा मानला जातो. १४३६ ते १४३८ या काळात ओनोफ्रिओ देला कावा याने सुमारे १२ किलोमीटर अंतरावरून नळाने पाणी आणले. दाट वस्ती टिकवायची तर आरोग्य, पाणी व आग यांची व्यवस्था सामूहिकपणे करावी लागते, ही जाण या निर्णयांत दिसून येते. १६६७ च्या भूकंपानंतर मुख्य रस्त्यावरील घरे एकसारखी बांधण्यात आली. त्यांच्या तळमजल्यावरील दुकानांत दार व खिडकी एकाच कमानीत बसविलेली आहेत. ग्राहकाने गल्लीतच उभे राहावे आणि दुकानदाराने आतून माल द्यावा, अशी ही सोय होती.

या नगराचा संबंध गोव्याशीही जोडला जातो. दुब्रोव्निकचा संरक्षक संत ब्लेझ याच्या नावाचे 'साओ ब्राझ' चर्च जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथे आहे. सोळाव्या शतकात राग्यूसाचे व्यापारी तेथे वसले व त्यांनी ते उभारले अशी परंपरा सांगितली जाते. तिच्या पुराव्याविषयी अभ्यासकांत एकमत नसले, तरी त्या काळातील राग्यूसाच्या व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदी महासागरापर्यंत पोहोचली होती हे नाकारता येत नाही.

५. गल्लीवरील आघात

एकोणिसाव्या शतकापासून अरुंद गल्लीकडे शासनसंस्थेने संशयाने पाहण्यास प्रारंभ केला. त्याची तीन कारणे तीन नगरांच्या उदाहरणांतून स्पष्ट होतात.

पहिले कारण लष्करी. १८३० मध्ये फ्रेंचांनी अल्जिअर्स जिंकले आणि लगेचच खालच्या नगराचा मोठा भाग पाडून तेथे कवायतीचे मैदान व सैन्याच्या हालचालींसाठी रुंद रस्ते काढले. त्यात अल-सय्यिदा ही मशीदही गेली. उरलेल्या वरच्या भागातील, म्हणजे कसबामधील, गल्ल्या पुढे १९५७ च्या संघर्षात स्वातंत्र्यसैनिकांचा आश्रय ठरल्या. परकीय सत्तेला गल्लीचे भय का वाटावे याचे उत्तर तेथे मिळते. ज्याला शेजारी ओळखतात त्यालाच गल्लीत वाट सापडते.

दुसरे कारण आरोग्याचे. १८८४ मध्ये नेपल्समध्ये पटकीच्या साथीत हजारो लोक मरण पावले. १८८५ मध्ये विशेष कायदा होऊन खालच्या वस्त्यांमधून रुंद सरळ रस्ता काढण्यात आला. साथीचे दुःख खरे होते आणि स्वच्छ पाण्याची गरजही खरी होती, हे येथे मान्य केले पाहिजे. गल्ल्यांतील जीवन सुखाचेच होते असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु नव्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या भव्य इमारतींचे भाडे विस्थापित गरिबांना परवडणारे नव्हते. त्यांतील अनेकजण मागच्या, आणखी दाट झालेल्या बोळांत सामावले गेले.

तिसरे कारण पोलिसी नियंत्रणाचे. १९४३ च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या साहाय्याने मार्सेयच्या जुन्या बंदरालगतची वस्ती रिकामी करून सुरुंगांनी उडवून दिली. सुमारे १५०० इमारती नष्ट झाल्या आणि वीस हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. अनेकांना, त्यांत ज्यू नागरिकांना, छळछावण्यांकडे नेण्यात आले.

शांततेच्या काळातही हे थांबले नाही. जेनोआत १९७० च्या दशकाच्या प्रारंभी विया माद्रे दि दिओ ही वस्ती पाडण्यात आली. व्हायोलिनवादक निकोलो पागानिनी याचे जन्मघरही १९७१ मध्ये त्यात गेले. ट्यूनिसमध्ये १९५६ च्या स्वातंत्र्यानंतर मदिना भेदून रुंद मार्ग नेण्याचा विचार पुढे आला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. १९६७ मध्ये मदिनेच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली आणि हफ्सिया विभागाच्या पुनर्रचनेस १९८३ व १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार लाभला. तेथे जुन्या गल्ल्यांची रचना सांभाळून नवी घरे बांधण्यात आली, हे त्याचे वैशिष्ट्य.

६. जतन आणि लोकवस्ती

विसाव्या शतकाच्या अखेरीस गल्ली पाडण्याचा काळ बव्हंशी संपला आणि ती जपण्याचा काळ आला. तथापि भिंती वाचल्या म्हणजे गल्ली वाचली असे होत नाही. दुब्रोव्निकचे उदाहरण याबाबत बोलके आहे. ६ डिसेंबर १९९१ रोजी या नगरावर भीषण तोफमारा झाला. युनेस्कोच्या पाहणीनुसार जुन्या नगरातील ८२४ इमारतींपैकी सुमारे दोन तृतीयांश इमारतींना तोफगोळे लागले होते. संकटग्रस्त वारशांच्या यादीत गेलेले हे नगर दुरुस्तीनंतर १९९८ मध्ये त्या यादीतून बाहेर आले. छपरे पुन्हा शाकारली गेली, मात्र रहिवासी घटत गेले. युद्धापूर्वी तटाच्या आत सुमारे पाच हजार लोक राहत होते. पुढील तीन दशकांत ही संख्या दीड हजाराच्या आसपास आली. जी घरे तोफांपुढे टिकली ती प्रवाशांच्या निवासासाठी भाड्याने जाऊ लागली. २०१९ पासून एका वेळी दोनच मोठी प्रवासी जहाजे येऊ देण्याचे धोरण नगरपालिकेने स्वीकारले. व्हेनिसच्या ऐतिहासिक नगरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोकवस्ती होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांखाली गेली, आणि २०२४ मध्ये ठरावीक दिवशी येणाऱ्या एकदिवसीय प्रवाशांवर प्रवेशशुल्क लावण्यात आले.

याच्या उलट, ट्यूनिसच्या मदिनेतून सुखवस्तू कुटुंबे उपनगरांत गेली तेव्हा त्यांच्या मोठ्या घरांत ग्रामीण भागातून आलेली अनेक कुटुंबे खोलीखोलीने राहू लागली. जेनोआच्या कारुज्जींत प्रथम दक्षिण इटलीतून आणि पुढे आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतून आलेले श्रमिक वसले. या वस्त्यांमध्ये दाटी, गळती आणि दारिद्र्य आहे. पण सकाळी दुकान उघडणारा, मुलाला शाळेत नेणारा आणि शेजाऱ्याशी पन्हळीवरून भांडणारा माणूसही आहे. गल्ली ज्या नियमांनी घडली ते नियम पाळणारा आणि मोडणारा हा माणूसच होय. तो नसेल तर सात हातांची रुंदी हे केवळ एक माप उरते.

निष्कर्ष

१) भूमध्य सागरी नगरांतील अरुंद गल्ल्या अनियोजित नाहीत. ट्यूनिसमध्ये शेजाऱ्यांचे हक्क, जेनोआत कुळांची सत्ता आणि दुब्रोव्निकमध्ये लिखित कायदा, अशा तीन भिन्न व्यवस्थांतून त्या घडल्या.
२) वाहतूक, संरक्षण व हवामान या कारणांनी गल्ली अरुंद झाली, परंतु ती टिकली ती सामूहिक नियमांमुळे.
३) 'अनियोजित' हे विशेषण आधुनिक शासनसंस्थांनी दिले आणि लष्करी, आरोग्यविषयक व पोलिसी कारणांसाठी वस्त्या पाडताना त्याचा उपयोग केला.
४) वास्तूंचे जतन आणि लोकवस्तीचे जतन या दोन भिन्न बाबी आहेत. रहिवाशांच्या निवासाचा हक्क विचारात न घेता केलेले जतन गल्लीचे केवळ बाह्य रूप राखते.

या गल्ल्यांतून चालणाऱ्या प्रवाशाला सावली, कमानी आणि दगडी पायऱ्या दिसतात. त्यांमागील करार दिसत नाही. कोणाची खिडकी कोठे उघडावी आणि कोणाचे पाणी कोठून जावे याविषयी शेजाऱ्यांनी शतकानुशतके केलेली तडजोड म्हणजेच ती गल्ली होय. वारसास्थळांच्या धोरणात या तडजोडीच्या वारसदारांना, म्हणजे तेथे राहणाऱ्या माणसांना, प्रथम स्थान मिळणे आवश्यक आहे.